न लिहिणारी लेखणी

संगणकावर चित्रे रेखाटण्याची किंवा सुधारण्याची कोणतीही मोठी प्रणाली उघडली, की साधनांच्या पट्टीत टाकाच्या निबाचे एक चिमुकले चित्र दिसते. मधोमध चीर, चिरेच्या टोकाशी बारीक भोक. या साधनाला ‘पेन टूल’ म्हणतात. नवखा माणूस ते निवडतो आणि कागदावर टाक ओढावा तसा माउस ओढतो. पण हात गेला त्या वाटेने रेघ उमटतच नाही. एक ठिपका पडतो आणि त्याला दोन बाजूंनी मिशांसारख्या दोन सरळ काड्या फुटतात. दुसरा ठिपका दिला की दोहोंच्या मध्ये एक वक्र रेघ आपोआप ताणली जाते. काडीचे टोक धरून हलवले की रेघ वाकते, फुगते, सैलावते. शाई नाही, हाताचा दाब नाही, वेग नाही. ही कसली लेखणी, असा प्रश्न पडलाच पाहिजे.

त्याचे उत्तर लेखनाच्या इतिहासात शोधून सापडत नाही. ते मोटारींच्या कारखान्यात सापडते. आणि तो इतिहास आपण जाणून घ्यावा याला कारण आहे. आपण आत्ता वाचत आहात ती अक्षरे, घरच्या लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, कुलवृत्तान्त, असे गेल्या तीन-साडेतीन दशकांतले बहुतेक छापील मराठी याच साधनाने कोरलेल्या आकारांतून आले आहे. ज्याने हे ठिपके ठेवले, त्याने आपल्या अक्षराचे रूप ठरवले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मोटारीचे अंग घडवायचे म्हणजे मोठे जिकिरीचे काम असे. चित्रकार आकार रेखाटी, त्यावरून मातीचा किंवा लाकडाचा नमुना बने, नमुन्यावरून पत्रा दाबण्याचे साचे. प्रत्येक पायरीला मूळ रेघ थोडी बदले. मोठी वळणे काढण्याची रीत जहाजबांधणीतून आलेली होती: लाकडाची लवचीक पट्टी घ्यायची, तिला जागोजागी वजने लावून वाकवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. या पट्टीलाच ‘स्प्लाइन’ म्हणत. रेघ देखणी येई, पण ती त्या कागदापुरती. सरळ रेघ दोन टोकांच्या आकड्यांत सांगता येते, वर्तुळ केंद्र आणि त्रिज्या यांत सांगता येते. पण मोटारीच्या मडगार्डाचे वळण दूरच्या कारागिराला कोणत्या शब्दांत कळवणार? त्यातच आकड्यांवर चालणारी कातकामाची यंत्रे कारखान्यांत येऊ लागली होती. त्यांना नजर नव्हती. त्यांना आकडेच हवे होते.

पॅरिसमधल्या सित्रोएन कंपनीत १९५८ साली पॉल द कास्तेलझो नावाचा तरुण गणिती रुजू झाला. वर्षभरातच, १९५९ मध्ये, त्याने या अडचणीवर जो तोडगा काढला तो आजही पेन टूलच्या पोटात जसाच्या तसा चालतो. त्याची कल्पना अशी, की रेघेवरचे असंख्य बिंदू सांगत बसण्याऐवजी रेघेच्या बाहेरचे मोजके बिंदू सांगावेत आणि रेघेने त्यांच्या ओढीने वाकावे. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण यावी अशी ही गोष्ट आहे. तिथेही आधी ठिपके मांडतात. काही ठिपक्यांतून रेघ जाते, काहींना वळसा घालते, पण आकृतीचा सगळा जीव ठिपक्यांच्या मांडणीत असतो.

तोडगा शब्दांत सांगता येतो, गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. चार बिंदू घ्या: पहिला आणि चौथा ही रेघेची टोके, दुसरा आणि तिसरा ही त्या काड्यांची टोके. चारही बिंदू क्रमाने सरळ रेघांनी जोडले की तीन रेघा झाल्या. प्रत्येकीचा मध्य काढा. तीन नवे बिंदू मिळाले. ते जोडून होणाऱ्या दोन रेघांचे मध्य काढा, दोन बिंदू. त्या दोहोंच्या रेघेचा मध्य काढा, एक बिंदू. हा शेवटचा बिंदू नेमका वक्र रेघेवर असतो. मध्याऐवजी एक तृतीयांशावर, एक दशांशावर, वाटेल त्या प्रमाणात हीच कृती केली की रेघेवरचा दुसरा कोणताही बिंदू हाती येतो. बेरीज आणि भागाकार, याहून अधिक काही लागत नाही. आणि रेघ त्या चार बिंदूंच्या चौकटीबाहेर कधी जात नाही, त्यामुळे काडी हलवणाऱ्याला ती कुठवर भरकटेल याचा अंदाज असतो.

या कृतीचा एक उपफायदा आहे आणि पेन टूल वापरणाऱ्याला तो रोज भेटतो. रेघेवर मध्येच टिचकी मारली की तिथे नवा ठिपका तयार होतो, पण रेघेचा आकार तसूभरही बदलत नाही. हे कसे? तर वर सांगितलेली कृती करताना जे मधले बिंदू निघाले, तेच त्या रेघेच्या दोन तुकड्यांच्या नव्या काड्यांची टोके असतात. कृती वक्रावरचा बिंदू शोधते आणि त्याच दमात वक्राचे दोन बिनचूक तुकडेही करते. उलट, असलेला ठिपका काढून टाकला की आकार सहसा बिघडतो. दोन तुकड्यांचे वळण एका तुकड्यात मावेलच असे नाही. म्हणून जाणता कारागीर ठिपके देताना कंजूष असतो.

सित्रोएनने हे सारे गुपित म्हणून जपले. द कास्तेलझोचे अहवाल कंपनीच्या कपाटात राहिले. इकडे रेनो या दुसऱ्या मोटार कंपनीत पिएर बेझिए हा १९१० साली जन्मलेला, १९३३ पासून तिथेच काम करणारा अभियंता स्वतंत्रपणे त्याच मुक्कामाला पोहोचत होता. त्याची वाट निराळी होती, पण निघालेली रेघ तीच. त्याने ‘युनिसर्फ’ नावाची पद्धत उभी केली, तीत चित्रकाराचा वक्र थेट यंत्रापर्यंत पोहोचू लागला. आणि मुख्य म्हणजे त्याला आपले काम छापून प्रसिद्ध करता आले. केंब्रिजच्या रॉबिन फॉरेस्टने १९७२ मध्ये दाखवून दिले, की बेझिएच्या सूत्रांच्या मुळाशी सर्गेई बर्नश्टाइन या गणितज्ञाच्या १९१२ च्या बहुपदी आहेत. वोल्फगांग ब्योम या जर्मन गणितज्ञाच्या हाती सित्रोएनचे जुने अहवाल लागले तेव्हा १९७५ उजाडले होते. तोवर रेघेला ‘बेझिए वक्र’ हे नाव चिकटले होते. द कास्तेलझोचे नाव ती काढण्याच्या कृतीला मिळाले. २०२२ मध्ये तो वारला. पेन टूल वापरणाऱ्या लाखो लोकांतल्या फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकले असेल. बेझिएचा यात काही दोष नाही. पण जे छापले जात नाही त्याचे श्रेय उरत नाही, हे मुद्रणाच्या गोष्टीतच घडावे हा योग चमत्कारिक आहे.

आता मोटारींकडून अक्षरांकडे येऊ. अक्षर संगणकात कसे साठवावे याविषयी सत्तरच्या दशकात दोन विचार होते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञाला आपल्या ग्रंथाची नवी छपाई इतकी नापसंत पडली, की १९७७ मध्ये तो स्वतःच अक्षरजुळणीच्या मागे लागला. त्याची ‘मेटाफाँट’ ही प्रणाली १९७९ ची. तीत खरोखरच एक लेखणी कल्पिलेली होती. तिच्या टोकाचा आकार आणि कल सांगायचा, तिची वाट सांगायची, की त्या वाटेने ती ‘लिहीत’ जाई आणि जाड-बारीक रेघ आपसूक पडे. बोरूने लिहिणाऱ्या आपल्या लिपीला हा विचार जवळचा वाटावा. आणि नेदरलंड्समधल्या फ्रान्स व्हेल्टहाउसने १९९१ मध्ये याच पद्धतीने देवनागरी अक्षरे घडवलीही. पण मेटाफाँटमध्ये अक्षर समीकरणांनी सांगावे लागे. चित्रकार समीकरणे लिहीत नाहीत.

दुसरा विचार असा, की रेघ कशी ओढली हे विसरा; काळ्या आकाराची फक्त कड साठवा. हॅम्बुर्गमध्ये पेटर कारोच्या ‘इकारुस’ प्रणालीत १९७५ पासून मोठ्या चित्रांच्या कडेवरचे बिंदू टिपून अक्षरे संगणकात घेतली जात होती. पुढे जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी झेरॉक्सची प्रयोगशाळा सोडून १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी काढली, १९८४ मध्ये ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही छापील पान सांगण्याची भाषा आणली, आणि तीत बेझिएची चार बिंदूंची रेघ वापरली. १९८५ मध्ये ॲपलचा लेझर प्रिंटर ही भाषा बोलू लागला. इथेच निकाल लागला. अक्षर म्हणजे कड, हे जगाने स्वीकारले.

मग ही कड घडवण्याचे अवजार हवे झाले. टेक्सासमधल्या आल्टसिस कंपनीचे ‘फाँटोग्राफर’ १९८६ च्या आरंभी आले. घरगुती संगणकावर बेझिए वक्र हाताळू देणारी ती पहिली विकाऊ प्रणाली. १९८७ मध्ये अडोबीचे ‘इलस्ट्रेटर’ आले आणि पेन टूल चित्रकारांच्या हाती पडले. वॉर्नॉकची पत्नी मार्वा स्वतः ग्राफिक डिझायनर होती, अडोबीचे बोधचिन्ह तिचेच. तेव्हा चित्रकाराचे काम कसे चालते हे त्या घरात अपरिचित नव्हते. तरीही साधन इतके अनोळखी होते, की खोक्यात पुस्तिकेबरोबर एक व्हिडिओ कॅसेट घालावी लागली. तीत खुद्द वॉर्नॉक रेघ कशी काढायची हे दाखवीत बसला आहे. १९८९ मध्ये कॅनडातून ‘कोरल ड्रॉ’ आले, आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी ते इतके आपलेसे केले की ठिपक्याला ‘नोड’ म्हणण्याची त्याची बोलीही इथे रुजली. १९९१ च्या ‘फोटोशॉप’च्या दुसऱ्या आवृत्तीत पेन टूल छायाचित्रांपर्यंत पोहोचले, फोटोतल्या माणसाभोवती पाथ काढून त्याला पार्श्वभूमीपासून सोडवणे हे तेव्हापासूनचे काम.

त्या साधनात हात बसायला वेळ लागतो. साधी टिचकी दिली तर कोपरा होतो, टिचकी देऊन ओढले तर गोलाई. गोल ठिपक्याच्या दोन काड्या एका सरळ रेषेत बांधलेल्या असतात, एक फिरवली की दुसरी फिरते. त्यांची फारकत केली की तिथे टोक येते. शहाणपण असे, की ठिपके आकाराच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या जागी द्यावेत आणि काड्या शक्यतो आडव्या-उभ्या ठेवाव्यात. संपूर्ण वर्तुळ चार ठिपक्यांत होते. काडीची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५२३ पट ठेवायची. गणिताच्या दृष्टीने ते खरे वर्तुळ नसतेच, पण चूक त्रिज्येच्या दहा हजार भागांतल्या तीन भागांहूनही कमी असते, ती कोणाच्या डोळ्याला दिसणार! आणखी एक खोड आहे. ‘व’च्या गोलाची बाहेरची कड आणि आतल्या पोकळीची कड हे दोन वेगळे पाथ असतात आणि त्यांच्या दिशा एकमेकींच्या उलट ठेवाव्या लागतात. दोन्ही एकाच दिशेने गेल्या तर ‘व’चे पोट काळेभोर भरून छापले जाते.

हे सगळे पाहिले म्हणजे मला वाटते, की या साधनाच्या चित्रात निब काढले हीच दिशाभूल आहे. बोरू एका फटकाऱ्यात रेघेच्या दोन्ही कडा देतो. त्याच्या टोकाचा काप आणि हाताचा कल यांमुळे रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक हे ठरते. देवनागरीत हा कल रोमन अक्षरांच्या उलट असतो. पेन टूलमध्ये मात्र रेघेची डावी कड आणि उजवी कड वेगवेगळी काढायची असते. एक हलवली तर दुसरीला त्याची खबर नसते. बोरूचा हात ज्याच्या अंगात मुरलेला नाही त्याने असे अक्षर काढले, तर कडा गुळगुळीत येतात आणि अक्षर मात्र सुजल्यासारखे दिसते.

याचा खरा पूर्वज लेखनिक नव्हे, ठसा कोरणारा कारागीर आहे. पोलादाच्या छोट्या दांडीच्या टोकावर तो अक्षर उलटे कोरी. आतली पोकळी ठोकून घेई, बाहेरची कड कानशीने घाशी, मग ठसा दिव्याच्या काजळीत धरून कागदावर दाबून पाही आणि पुन्हा घाशी. तो ठसा तांब्यात ठोकला की मातृका तयार होई आणि तीत शिसमिश्रणाचे खिळे ओतत. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला देवनागरीत छापले गेले ते अशाच ठशांवर. तिथली ठसेकाम-परंपरा पंचानन कर्मकारांच्या हातची, मराठी मुलखापासून कोसों दूरची. पुढे मुंबईत जावजी दादाजींनी आधी टाइपांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला, राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसेकार त्यांना लाभला, आणि मराठी डोळ्याला ‘आपले’ वाटणारे छापील वळण स्थिरावले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोथ्या आणि पंचांगे ज्यांच्या कपाटांत अजून आहेत, त्यांनी निर्णयसागरचे एखादे पान भिंगाखाली जरूर पाहावे. कडेचा निर्णय कानशीने घेतलेला असला तरी आत बोरू जिवंत आहे.

संगणकाच्या पिढीत हे दोन्ही हात एका माणसात दिसतात, ते र. कृ. जोशी. सुलेखनकार, मराठी कवी, मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प शिकवणारे प्राध्यापक. विंडोजबरोबर घरोघरी गेलेला ‘मंगल’ फाँट त्यांचा. तो ट्रूटाइप पद्धतीचा आहे. १९९१ मध्ये ॲपलने आणलेल्या या पद्धतीत दोन ठिपक्यांमधल्या तुकड्याला दोनऐवजी एकच काडी असते, म्हणून त्याच वळणाला ठिपके अधिक लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी ही सारी उठाठेव केली तिच्याकडे येतो. वाचकहो, या पानावरचा ‘ल’ पाहा. त्याला उजवीकडे उभा दंड आहे, की मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या आहेत? दंडाचा ‘ल’ हिंदी वळणाचा, पाकळ्यांचा मराठी. ‘श’चेही तसेच, मराठी हाताला देठाचा ‘श’ सवयीचा. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयीच्या आपल्या निर्णयांत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांची बाजू घेतली आहे. पण शासनाचा निर्णय इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या छापखान्याला लागू नाही. युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच क्रमांक आहे, तो क्रमांक मराठी-हिंदी असा भेद करीत नाही. कोणते रूप छापले जाणार हे फाँट घडवणाऱ्याने त्या क्रमांकामागे कोणता पाथ ठेवला यावर ठरते, आणि देवनागरीचा मोठा ग्राहक हिंदी असल्याने तो पाथ बहुधा दंडाच्या ‘ल’चा असतो. आपल्याकडची मुले घरी एक ‘ल’ गिरवतात आणि छापील कागदावर दुसराच पाहतात. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, त्यामुळे दोहोंतला कोणता आपला हे सांगणारेही घराबाहेर कोणी नसते. दोन पिढ्यांत हाताचा ‘ल’ही छापील ‘ल’सारखा झाला, तर तो कधी बदलला हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

यावर तोड आहे. आज चांगल्या फाँटांत दोन्ही रूपांचे पाथ काढून ठेवलेले असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी सांगितली की फाँट स्वतःहून पाकळ्यांचा ‘ल’ पुढे करतो. अडचण इतकीच, की जुळणी करणारा भाषेच्या खणात ‘हिंदी’ निवडून मोकळा होतो किंवा तो खण उघडतच नाही, आणि जुन्या प्रणालींना ही सोय ठाऊकच नसते.

छापखान्यांत एक वाक्य आपण ऐकले असेल: “फाइल कर्व्ह करून पाठवा.” समोरच्याकडे आपला फाँट नसला तर अक्षरे बिघडतात, म्हणून पाठवण्याआधी सगळ्या मजकुराचे पाथ करून टाकतात. छपाईपुरते हे सुरक्षित. पण त्या क्षणी ‘ल’ हा ‘ल’ राहत नाही, ती ठिपक्यांनी बांधलेली एक काळी आकृती उरते. तीत शोध घेता येत नाही, मुद्रितशोधन करता येत नाही, नवी आवृत्ती जुळवता येत नाही. आपल्या संस्थांच्या नव्वदच्या दशकापासूनच्या ज्या स्मरणिका आणि कुलवृत्तान्त केवळ कर्व्ह केलेल्या फाइलींच्या रूपात कुठल्याशा तबकडीवर असतील, त्यांत एखाद्या पूर्वजाचे नाव शोधायचे तर पान न् पान डोळ्यांनीच चाळावे लागेल.

तेव्हा यंदाच्या अंकाची फाइल छपाईला जाईल तेव्हा कर्व्ह करण्याआधीची युनिकोड प्रत मागून घ्यावी आणि ती दोन जागी ठेवावी. भाषेच्या खणात ‘मराठी’ आहे ना, हे पाहावे. आणि दंडाचा ‘ल’ शीर्षकात डोळ्यांत खुपतच असेल आणि फाँटात दुसरा नसेल, तर शीर्षकापुरता तो ‘ल’ कर्व्ह करून घ्यावा. जुळणी करणाऱ्या मुलाला निर्णयसागरचे पान समोर ठेवून दाखवावे. दंडाचे नोड काढायचे, उजवी पाकळी डावीच्या मापाने बेताच्या ठिपक्यांत बसवायची, देठ मध्ये आणायचा. सरावलेल्या हाताला हे अर्ध्या तासाहून अधिकचे काम नाही.